खऱ्या मशीनवर पाडून दाखवा

डेटाबेस पडल्यावर टाळ्या वाजवणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. तिचं नाव रंजना थोरात, राहणार कळंब, तालुका इंदापूर. आमच्या साखर कारखान्याच्या संगणक विभागाची ती प्रमुख. विभाग म्हणजे केवढा, तर त्या, मी आणि एक एसी. तिघांत एसी सगळ्यात जुना, आणि मानपानही त्याचाच जास्त.

कागदोपत्री मी त्यांच्या हाताखाली होतो. वयानं मी पाच-सात वर्षांनीच धाकटा, पण अकलेचा हिशोब निघाला की मी गप्प बसायचो. माझं काम तारांचं. वजनकाट्यापासून शेतकी खात्यापर्यंत तारा ओढायच्या, उंदरांनी कुरतडल्या की पुन्हा ओढायच्या. डेटाबेस मात्र थोरात मॅडमचा. कोणत्या गावातल्या कुणाचा ऊस, कुठल्या गटातला, कधी तुटला, काट्यावर किती भरला, ही सगळी कारखान्याची आठवण त्यात साठवलेली. "माझं डोकं फिरलं तर कारखाना चालंल," त्या म्हणायच्या, "ह्याचं फिरलं तर न्हाय चालणार."

बुटक्या, रुंद बांध्याच्या, पदर कमरेला खोचलेला आणि त्यावर पूर्ण बाह्यांचा मरून स्वेटर. मे महिन्यात आमच्याकडं डांबर चपलेला चिकटतं, तेव्हाही स्वेटर. सर्व्हरच्या खोलीत एसी सतत चालू असायचा, म्हणून. पण बाई त्याच स्वेटरवर कॅन्टीनमध्ये यायच्या, उन्हातून चालत. नव्या वॉचमननं एकदा हळूच विचारलं होतं, "मॅडमला हिवताप हाय काय ओ?"

सर्व्हर खोलीत खायला-प्यायला बंदी होती. तशी पाटी त्यांनीच स्वतःच्या हातानं रंगवली होती. आणि रोज दुपारी तिखटमीठ लावलेला पेरू त्या त्याच पाटीखाली बसून खायच्या. मी एकदा पाटीकडं बोट दाखवलं.

"नेम मी केलाय," त्या म्हणाल्या, "मोडताना मी मला इचारते. तुमी कुणाला इचारणार?"

बाई बारामतीच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकल्या होत्या. कारखान्यात लागल्या त्या टायपिंगला. नवा डेटाबेस आला तेव्हा त्याच्याबरोबर इंग्रजीतली सहा जाडजूड पुस्तकं आली. ती कुणी उघडली नाहीत. त्यातलं सगळ्यात जाड पुस्तक ऑफिसचं दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून दाराला लावलेलं असायचं. मॅडमनी ते उचलून घरी नेलं, दाराला वीट लावली आणि दोन गाळप हंगामांत सहाच्या सहा पुस्तकं संपवली. तिसऱ्या हंगामात बाहेरून येणारा तज्ज्ञ यायचा बंद झाला, कारण आल्यावर बाई त्यालाच प्रश्न विचारायच्या.

त्यांचा आवडता शब्द होता 'लेखी'. एमडी साहेब जाता जाता म्हणाले, "मॅडम, तो रिपोर्ट जरा बदलून घ्या," की यांचा कागद पुढं. "लेखी द्या." साहेबांना राग यायचा, पण द्यावं लागायचं, कारण महिन्याभरानं साहेबच विचारायचे, रिपोर्ट कुणी बदलला? मग मॅडम कागद काढायच्या. त्यांचे मिस्टर बबनराव डाळिंबाचे बागायतदार, अतिशय शांत माणूस. ते मला एकदा म्हणाले, "जाधव, मी घरातली फळी ठोकून देतो म्हणालो, तर हिनं वहीत सही घेतली माझी." फळी ठोकली का, मी विचारलं. बबनराव म्हणाले, "न्हाय. पण सही हाय."

आता मूळ भानगडीकडं येतो.

आमच्याकडं जुने सात सर्व्हर होते. प्रत्येकाचं काम वेगळं, प्रत्येकाची घरघर वेगळी. वीज गेली की सातही जनरेटरवर यायचे आणि जनरेटर कण्हायचा. मॅडमनी सुचवलं की सातांच्या जागी एकच दणकट सर्व्हर घेऊ आणि त्याच्या पोटात सॉफ्टवेअरनं चार वेगवेगळी मशीन तयार करू. दिसायला वेगळी, वागायला वेगळी, पण अंग एकच. व्हर्च्युअल मशीन म्हणतात त्यांना.

संचालकांच्या बैठकीत हे समजावून सांगायचं काम त्यांच्यावर आलं. मी भिंतीवर चित्र दाखवणारं यंत्र घेऊन उभा होतो. समोर सगळे पांढरे कपडे. सर्वांत ज्येष्ठ संचालक, त्यांना सगळे तात्या म्हणायचे, त्यांनी चष्मा कपाळावर सारला.

"म्हंजी मशीन दिसणार न्हाय?"

"दिसंल की तात्या. एक दिसंल. आत चार असतील."

"आन् त्या चौघींना ठावं असंल का, की आपण एकाच घरात हाय?"

"तेच तर हाय तात्या. प्रत्येकीला वाटतं, घर माझं एकटीचं."

तात्या खूष झाले. "मंग भांडणं न्हाय होणार," म्हणाले आणि मंजुरी मिळाली. माझी वीस चित्रं तशीच राहिली.

त्या चार मशीनना मॅडमनी आपल्या चार जावांची नावं दिली. सिंधू, लता, नंदा आणि कमल. सिंधू म्हणजे वजनकाट्याचा डेटाबेस, सगळ्यात कामसू. कमलवर ईमेल होतं, ती दिवसभर काही करायची नाही. हे सगळं आमच्या दोघांत होतं तोवर ठीक होतं. पण एकदा मॅडमनी गेटवर नोटीस लावली: 'लता उद्या दुरुस्तीसाठी सकाळी बंद राहील.' तिसऱ्या दिवशी खऱ्या लताबाई कळंबहून गेटवर हजर. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की कारखान्यानं तुमच्या नावानं नोटीस लावली आहे. मॅडमनी त्यांना आत आणलं, सर्व्हरपुढं उभं केलं, लुकलुकणारा हिरवा दिवा दाखवला. "ह्यो बघ, ह्यो तुझा." लताबाईंनी पाच मिनिटं दिव्याकडं पाहिलं आणि विचारलं, "आन् कमलचा कुठला?" कमलचाही तोच, हे ऐकून त्या रागावून निघून गेल्या.

पण ही सगळी मौज चालू असताना एक माणूस सतत नाक मुरडत होता. तो म्हणजे डेटाबेस विकणाऱ्या कंपनीचा विवेक. कंपनीचं नाव मी घेत नाही. मॅडमही घेत नसत, त्या कंपनीला 'पाव्हणं' म्हणायच्या. जेवायला पहिल्या पंगतीला आणि सारवायच्या वेळी गायब, म्हणून पाव्हणं. विवेक पुण्याहून यायचा, टाय लावून, आणि उसाच्या ट्रॉल्यांमधून वाट काढताना टाय खांद्यावर टाकायचा. पोरगा वाईट नव्हता. त्याला वरून जे सांगत, ते तो खाली सांगायचा.

"मॅडम, व्हर्च्युअलवर टाकताय, पण सपोर्टचा इश्यू येऊ शकतो."

"म्हणजे काय हुईल?"

"म्हणजे उद्या काही प्रॉब्लेम आला, तर आमचे लोक म्हणणार, आधी तो खऱ्या मशीनवर दाखवा. व्हर्च्युअलवर आमचं सॉफ्टवेअर चालतं, पण आम्ही ते तपासलेलं नाही. दोष आमचा की त्या मधल्या सॉफ्टवेअरचा, कसं ओळखणार?"

"लेखी द्या."

आणि विवेकनं चक्क दिलं! आठवड्यानं कंपनीच्या कागदावर पत्र आलं. त्यात एक लांबलचक इंग्रजी वाक्य होतं. त्याचा मथितार्थ असा, की व्हर्च्युअल मशीनवर आलेली अडचण खऱ्या मशीनवरही येते असं ग्राहकानं दाखवलं, तरच कंपनी ती आपली मानेल. साहेबांनी ते धमकी म्हणून वाचलं. मी शाप म्हणून वाचलं. मॅडमनी लाल पेनानं त्याच्याखाली रेघ मारली आणि फायलीला लावलं. "हे वचन हाय," म्हणाल्या. "दाखवलं तर मानणार, असं लिहिलंय न्हवं?"

त्यांचं म्हणणं होतं की सातातला एक जुना सर्व्हर तरी ठेवू, वेळ आली तर दाखवायला. पण त्या पुतणीच्या लग्नाला चार दिवस रजेवर गेल्या आणि साहेबांनी सातही भंगारात काढले. परत आल्यावर मॅडम रिकाम्या खोलीत उभ्या राहिल्या.

"साहेब, एक तरी ठेवायचा हुता."

"भाकड म्हशी कशाला पोसायच्या मॅडम?"

 त्यांनी लेखी मागितलं नाही, यावरूनच मला कळलं की लागलंय.

व्हर्च्युअलवर गेल्यावर पहिला गोंधळ झाला तो मात्र आमचाच. एक दिवस काट्यावर बोंब उठली. अंथुर्ण्याचे एक शेतकरी पावती नाचवत आमच्या खोलीत आले. पावतीवर छापलं होतं, भरलेला ट्रॅक्टर आला दहा वीसला आणि रिकामा होऊन बाहेर गेला दहा चौदाला.

"माझा ट्रॅक्टर यायच्या आदीच गेला व्हय?" ते विचारत होते. "मंग ऊस कुणी वतला?"

मी म्हणालो, प्रिंटरचा दोष असेल. नाहीतर काट्याचा. नाहीतर पाव्हण्यांचा. मला सवयच आहे. मॅडमनी मला हातानं गप्प केलं, तासभर शोधलं, आणि कळलं की व्हर्च्युअल मशीनचं घड्याळ हळूहळू भरकटत होतं, मग एकदम मागं सरकून जागेवर येत होतं. ते खऱ्या वेळेशी नीट बांधून ठेवायचं आमच्याकडून राहिलं होतं. मॅडम उठून त्या शेतकऱ्यापुढं गेल्या. "चूक माझी हाय, दादा. काट्याची न्हाय, वजन बरोबर हाय. येळ चुकली." स्वतःच्या हातानं पावती दुरुस्त करून सही केली. मग मला म्हणाल्या, "जाधव, आपलं हाय ते आपलं म्हणायचं. न्हायतर उद्या त्येंचं हाय म्हणायला तोंड उरत न्हाय."

हे वाक्य तेव्हा मला शाळेच्या फळ्यावरच्या सुविचारासारखं वाटलं. जानेवारीत त्याचा अर्थ कळला.

जानेवारी म्हणजे हंगामाचा ऐन भर. दोन्ही काट्यांवर रांगा, ट्रॅक्टरवर कर्णे, प्रत्येकाचं गाणं वेगळं. अशा एका सकाळी दोन्ही काट्यांचे पडदे गोठले. सिंधू बसली. मॅडमनी ती पुन्हा चालू केली. पाच-सहा तास चालली, पुन्हा बसली. दुसऱ्या दिवशी तेच. मध्ये हातानं पावत्या लिहायच्या, रांग मागं मागं सरकत कारखान्याच्या कमानीबाहेर रस्त्यापर्यंत गेलेली. तोडलेला ऊस उन्हात उभा राहिला की सुकतो आणि हलका होतो, हे शाळेत न गेलेल्या माणसालाही ठाऊक असतं. चालक येऊन खिडकीतून विचारत होते, काटा कधी चालू?  

पाव्हण्यांना फोन लावला. तिकडं दर वेळी वेगळा माणूस, दर वेळी पहिल्यापासून सगळी कहाणी. शेवटी उत्तर आलं: तुम्ही व्हर्च्युअलवर आहात, मधल्या सॉफ्टवेअरवाल्यांना विचारा. त्यांना विचारलं. ते म्हणाले, आमच्याकडं सगळं हिरवं दिसतंय, सर्व्हरवाल्यांना विचारा. सर्व्हरवाले म्हणाले, डेटाबेसवाल्यांना विचारा. तिघं तीन दिशांना बोटं दाखवत होते आणि तिन्ही बोटं फिरून आमच्या खोलीत येत होती.

बुधवारी साहेबांनी बोलावलं. टेबलावर पाव्हण्यांचाच प्रस्ताव होता: आमची खरी मशीन घ्या, सगळं पुन्हा वेगवेगळं करा.

"शनिवारपर्यंत काट्याचं निस्तरा," साहेब म्हणाले. "न्हायतर मी यावर सही करतो. आणि मॅडम, तुम्हालाही जरा बदल बरा. शेतकीच्या गट ऑफिसला जागा आहे."

गट ऑफिसमध्ये संगणक नव्हता. एक टेबल, एक पंखा आणि भिंतीवर उसाच्या जातींचा तक्ता. सगळ्यांना ठाऊक होतं ते.

खोलीत परत आल्यावर मॅडम सर्व्हरपुढच्या स्टुलावर बसल्या. पेरू तसाच ठेवलेला. म्हणाल्या, "जाधव, माझंच चुकलं असंल तर?"

अकरा वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. अशा वेळी माणसानं काहीतरी मोठं बोलायला हवं. मी म्हणालो, "चहा सांगू का?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि हसल्या. मग फायलीतून ते लाल रेघवालं पत्र काढलं आणि फोन उचलला. बारामतीतल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात कदम सर म्हणून एकजण प्रयोगशाळा सांभाळायचे, शिकताना मॅडमच्या वर्गात होते.

"कदम, एक मशीन पायजे दोन दिवस. पण खरं पायजे."

पलीकडून कदम सर म्हणाले असावेत, खोटं मशीन असतं का. कारण मॅडम म्हणाल्या, "असतं. त्याच्यापायीच जीव चाललाय माझा."

गुरुवारी सकाळी कारखान्याच्या जीपनं निघालो. सगळा डेटाबेस एका डिस्कवर उतरवून घेतला होता. ती डिस्क मॅडमनी आपल्या स्वेटरमध्ये गुंडाळून मांडीवर धरली होती. स्वेटरशिवाय बाई मला ओळखू येईनात. वालचंदनगर गेलं, अंथुर्णे गेलं, दोन्हीकडं ऊस आणि समोर उसाच्याच ट्रॉल्या. खड्डा आला की मॅडम डिस्क उचलून हवेत धरायच्या. ड्रायव्हरनं आरशातून पाहून विचारलं, "द्येव हाय काय मॅडम?"

"व्हय. हळू चालव."

तो दिवस त्या मशीनवर सगळं उभं करण्यात गेला. विवेकला शुक्रवारी सकाळी बोलावलं होतं, साक्षीला. तो आला, टाय नीट केला, खुर्चीवर बसला. मशीनला हात लावून पाहिला. खरं होतं.

बेत असा: मॅडमच्या वहीत प्रत्येक वेळी सिंधू पडली तेव्हा काय चाललं होतं, ते मिनिटानिशी लिहिलेलं होतं. दर वेळी शेतकी खात्याचा मोठा रिपोर्ट चालू होता आणि दोन्ही काट्यांवर वजनं होत होती. तेव्हा विवेकनं रिपोर्ट चालवायचा, आणि मॅडम एक काटा, मी दुसरा.

सकाळी नऊपासून आम्ही दोघं नसलेले ट्रॅक्टर तोलत बसलो. खऱ्या मशीनवर खोटे ट्रॅक्टर. मी कंटाळून आमच्या गावातल्या सगळ्या नावडत्या माणसांच्या नावावर ऊस घातला. दहा वाजले, अकरा वाजले. मशीन गरगर चालतंय, आणि आम्ही तिघं त्याच्या पडण्याची वाट बघतोय. बारा वाजले. डेटाबेस इतका सुंदर चालत होता, की कंपनीनं जाहिरातीला घ्यावा.

"मॅडम," विवेक हळूच म्हणाला, "म्हणजे मग दोष व्हर्च्युअलचाच..."

"जेवून घेऊ," मॅडम म्हणाल्या.

डबा उघडला. ज्वारीची भाकरी, मेथीची भाजी, ठेचा. विवेकला ठेचा लागला, त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. मॅडमनी अर्धी भाकरी खाल्ली आणि हात तसाच ठेवून बसल्या. काहीतरी डोक्यात चाललं होतं. मग उठल्या, उष्ट्या हातानंच फोन लावला. काट्यावरच्या वाघमोड्यांना. वाघमोडे निवृत्तीला आलेले, अर्धं आयुष्य काट्यावर गेलेलं.

"वाघमोडे, पावती काढताना तुमी हात कसा मारता?"

"कसा म्हंजी? हातानंच की मॅडम."

"तसं न्हाय. बटण किती येळा दाबता?"

 पलीकडून चोरी पकडल्यासारखा आवाज. "दोनदा दाबतो. एकदा दाबून त्यो प्रिंटर ऐकत न्हाय ओ. सगळेच तसं करत्यात."

मॅडमनी फोन ठेवला, हात धुतले, खुर्चीवर बसल्या. "विवेक, रिपोर्ट लावा. जाधव, दोनदा दाबायचं. लागोपाठ."

टक् टक्. पुढचा ट्रॅक्टर. टक् टक्. विवेकच्या पडद्यावर रिपोर्टची रेघ पुढं सरकत होती. आठवा की नववा ट्रॅक्टर असेल. माझा पडदा थांबला. मला वाटलं, माझंच काहीतरी. मी मॅडमकडं पाहिलं. त्यांचाही थांबला होता. विवेकची रेघही जागेवर. तिघांचे हात तसेच वर.

मग बाई उभ्या राहिल्या आणि टाळ्या वाजवायला लागल्या.

"पडला! पडला! कदम, या हिकडं, पडला!"

कदम सर पळत आले, त्यांना वाटलं कुणी माणूस पडला. मॅडमच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्यांनी ठेचा खाल्लाच नव्हता. विवेक फोनवर वरच्यांशी बोलत होता. "येस सर, फिजिकल. नो सर, कॉलेजचं मशीन. येस सर, माझ्या समोर. मी स्वतः रिपोर्ट लावला सर." तिकडून काहीतरी बराच वेळ बोलणं झालं. विवेकनं टाय सैल केला.

"ते मान्य करतायत, मॅडम. दोनदा दाबलं म्हणून डेटाबेस पडायला नको, दोष आमचाच."

"लेखी द्या."

कॉलेजात दुसरा कागद मिळेना. विवेकनं परीक्षेच्या उत्तरपत्रिकेवर लिहून दिलं. त्यावर वर छापलेलं होतं: परीक्षार्थीनं आपलं नाव लिहू नये. मॅडमनी ते खोडून त्याचं नाव लिहून घेतलं.

त्याच दुपारी काट्यांना निरोप गेला: बटण एकदाच दाबा. वाघमोड्यांनी डावा हात खिशात घातला आणि उजव्यानं एकेकदा दाबत राहिले. सिंधू पुन्हा बसली नाही. पुढच्या आठवड्यात पाव्हण्यांकडून दुरुस्ती आली, तिच्याबरोबर एका ओळीचं पत्र: आपल्या संयमाबद्दल आभार. दोषाबद्दल अक्षर नाही. मॅडमनी उत्तर धाडलं, "संयम नव्हता, नाइलाज होता," आणि मला इंग्रजी बरोबर आहे का म्हणून वाचायला दिलं. मी म्हणालो, बरोबर आहे, फक्त त्यांना कळणार नाही.

साहेबांनी बैठकीत सांगितलं की आपण कंपनीला नमवलं. आपण म्हणजे कोण, ते त्यांनी फोडून सांगितलं नाही. नंतर मॅडमना अभिनंदनाचं पत्र दिलं, त्यात नाव होतं 'रंजना थोरवे'. मॅडमनी लाल पेनानं दुरुस्त करून ते साहेबांना परत पाठवलं. मार्क तेवढे द्यायचे राहिले. बदलीचा विषय पुन्हा निघाला नाही. सर्व्हर खोलीच्या कोपऱ्यात मात्र एक खरं मशीन आलं. साहेबांनी स्वतः मंजूर केलं, भाकड म्हशीबद्दल काही न बोलता.

दोन हंगामांनी त्या निवृत्त झाल्या. भाषण करणार नाही म्हणाल्या, केलं नाही. जाताना मला पासवर्डांची वही दिली आणि सांगितलं, "अडलं तर फोन करा. पण आदी दोन तास सोता शोधा." मी एक मिनिट शोधायचो, फोन लावायचो, आणि दोन तास झाले असं सांगायचो. त्यांना कळायचं.

गेल्या वर्षी पाव्हण्यांचं नवं पत्र आलं. विवेक सोडून गेला होता, दुसऱ्या कुणाची सही होती. मला काही सुचेना आणि मॅडम फोन उचलेनात. पत्र खिशात घालून मी कळंबला गेलो. घराला कुलूप. शेजारची म्हणाली, दोघं शेततळ्यावर हायती.

डाळिंबाच्या बागेपलीकडं शेततळं. काळ्या प्लॅस्टिकचं अस्तर, उतार निसरडा, पाणी काठोकाठ. काठावर बबनराव उभे, हातात जाड दोर. आणि दोराच्या दुसऱ्या टोकाला, पाण्यात, थोरात मॅडम. पंजाबी ड्रेस घातलेला, पाठीला प्लॅस्टिकचा रिकामा कॅन बांधलेला, आणि हातपाय असे मारत होत्या की अर्धं तळं बाहेर यावं.

"हे काय ओ?" मी बबनरावांना विचारलं.

"पवायला शिकतीया," ते म्हणाले. "साठी उलटली की शिकीन म्हणाली हुती. मला वाटलं, बोलतीया."

मी काठावरून ओरडलो, "मॅडम! कंपनीचं पत्र आलंय!"

"काय म्हंत्यात?"

"म्हंत्यात, तुमचं सगळं आमच्या क्लाउडवर आणा. तरच पूर्ण सपोर्ट देऊ!"

त्या पाण्यातच थांबल्या, कॅनमुळं तरंगत. "तितं मशीन कसलं हाय? खरं का व्हर्च्युअल?"

मी पत्र उघडून पुन्हा पाहिलं. "व्हर्च्युअल!"

बाई इतक्या हसल्या की नाकातोंडात पाणी गेलं. खोकल्या, पुन्हा हसल्या, पुन्हा खोकल्या. बबनरावांनी घाबरून दोर ओढायला घेतला.

"ओढू नका!" त्या ओरडल्या. "सोडा, सोडा जरा!"

मी विचारलं, मग त्यांना कळवू काय? त्यांनी कानाला हात लावला, ऐकू येत नाही म्हणून मान हलवली, आणि पलीकडच्या काठाकडं वळल्या. बबनराव काठाकाठानं त्यांच्याबरोबर चालू लागले. एकेक हात दोर सोडत, डोळे पाण्यावर. मधोमध गेल्यावर दोर संपला. त्यांनी हातातल्या टोकाकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं पाहिलं, आणि ते टोक हलकेच पाण्यात सोडून दिलं. मॅडमना कळलं नाही. त्या हात मारत पुढं जात राहिल्या, दोर मागून लांबलचक तरंगत येत होता.